मधला कागद

हे मी सांगणारच नव्हतो. झाकण उघडलं आणि परत मिटून घेतलं. डब्यानं आपल्या मालकाबद्दल बोलू नये, असं माझ्या शेजारचा थर्मास म्हणतो, आणि तो माझ्यापेक्षा शांत डोक्याचा आहे. पण मित्रांनो, लाज आत कोंडून ठेवली की तिला वास यायला लागतो. डब्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तर मी एक जुना जेवणाचा डबा. ॲल्युमिनियमचा, लांबट, पुढे एक सैल कडी. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, समुद्राला चिकटून आमचं गाव आहे, स्कार्वोय. तिथल्या दुकानातून हिल्मार नावाच्या माणसानं मला घेतलं आणि घरी गेल्यागेल्या खिळ्यानं झाकणावर आपलं नाव कोरलं. दुखलं, पण बरं वाटलं. आपण कुणाचेतरी झालो की बरंच वाटतं. हिल्मार मासळीच्या कारखान्यात कॉड कापायचा. माझ्या कोपऱ्याला जो पोचा आहे ना, तो बर्फाच्या पेटीखाली आलो तेव्हाचा.

आमच्याकडे दुपारचं जेवण म्हणजे पावाचे काप. एकावर तपकिरी चीज, एकावर ट्यूबमधली माशाच्या अंड्यांची पेस्ट. वर दुसरा काप दाबून झाकायचा नाही, उघडाच ठेवायचा. मग ते डब्यात एकावर एक रचायचे कसे? तर प्रत्येक दोन कापांच्या मध्ये मेणकागदाचा एक चौकोन घालायचा. कागदामुळे याचं त्याला लागत नाही. आमच्याकडची पोरं चालायला शिकतात तशीच हा कागद घालायला शिकतात. हिल्मारचा डबा त्याची मोठी मुलगी युरून भरायची. कागदाची कडा कापाच्या कडेला बरोबर जुळायला हवी, नाहीतर ती परत काढून लावायची.

कारखान्यात जेवायला बसले की हिल्मार माझं झाकण काढून बाजूला ठेवायचा, मला टेबलाच्या मधोमध सरकवायचा. शेजाऱ्याचा हात आत आला तरी चालायचा. तेच माझे सगळ्यात चांगले दिवस, हे मला तेव्हा कळलं नाही.

हिल्मार गेला. युरूननं त्याचा थर्मास स्वतःकडे ठेवला आणि मला धाकट्या भावाला दिलं. ऑडवारला.

ऑडवार तेव्हा कामगारांच्या संघटनेत होता. बोलायचा चांगलं, आणि ऐकायचासुद्धा. आमच्या किनाऱ्यानं त्याला निवडून दिलं, खासदार केलं, आणि मी त्याच्या पिशवीतून राजधानीला गेलो, ओस्लोला.

पहिली वर्षं खरंच छान होती. तो सकाळी उठून स्वतः पाव कापायचा, कागद घालायचा. आमच्या संसदेत पक्षाप्रमाणे बसत नाहीत, जिल्ह्याप्रमाणे बसतात. त्यामुळे ऑडवारच्या शेजारी समोरच्या पक्षाची तोर्दिस बसायची. आमच्याच किनाऱ्यावरची, जरा थोराड, जिभेला धार असलेली बाई. आत दोघं एकमेकांच्या विरुद्ध मतदानाचं बटण दाबायची आणि बाहेर बाकावर येऊन एकाच डब्यातलं खायची. "मत नको देऊस," ती म्हणायची, "चीजवाला काप दे." तो द्यायचा. भाषणात जे बोलला तेच बटण तो दाबायचा. म्हणून तोर्दिस त्याच्याशी भांडायची आणि म्हणूनच त्याचा काप घ्यायची.

एका पत्रकारानं त्या बाकावर फोटो काढला. घरचा डबा खाणारा खासदार. गावात त्याला 'डबाखासदार' म्हणायला लागले, आधी चिडवायला, नंतर कौतुकानं. लोक रस्त्यात मला बघायला मागायचे. मी फुशारलो, मित्रांनो. खोटं कशाला बोलू.

मग कास्पेर आला. ऑडवारचा सल्लागार. पोरगा वाईट नव्हता, हसरा होता, सगळ्यांना दार उघडून धरायचा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हा डबा म्हणजे अर्धी निवडणूक आहे." त्या दिवसापासून मी जेवणाचा डबा राहिलो नाही.

ऑडवार खाली उपाहारगृहात गरम जेवायला लागला. तिथं मोठी माणसं बसायची, तिथंच बरंच काही ठरायचं. मी कपाटावर. सभा असली की कास्पेर मला फडक्यानं पुसायचा आणि पिशवीत टाकायचा. पोस्टरवर माझा फोटो आणि खाली लिहिलेलं: डबा घरचा, मत घरचं. भाषणाच्या शेवटी ऑडवार मला वर धरायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. आत काहीच नसायचं. पावाचा एक कणसुद्धा नाही. माझी कडी सैल आहे, म्हणून मी झाकण जिवाच्या आकांतानं धरून ठेवायचो. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात आणि पत्रा गरम होतो.

आता ज्यासाठी हे सांगायला घेतलं ते.

स्कार्वोयमध्ये एक छोटं हॉस्पिटल आहे आणि त्यात बाळंतपणाचा विभाग होता. दोन सुइणी, चार खाटा, खिडकीतून बंदर दिसायचं. तो बंद करायचं सरकारच्या मनात आलं. मग बायकांना घाट ओलांडून मोठ्या गावी जावं लागणार. आमचा घाट हिवाळ्यात सारखा बंद पडतो. फाटक लावतात, गाड्या खोळंबतात, आणि बर्फ हटवायची गाडी आली की तिच्या मागे ओळीनं सोडतात. वेणा काही फाटक उघडायची वाट बघत नाहीत. युरूनची मुलगी इंग्विल्ड तेव्हा पोटुशी होती. पहिलंच मूल, आणि दिवस ऐन हिवाळ्यात भरणार.

ऑडवारनं फोनवर तिला सांगितलं, "तुझं बाळ बंदराकडे बघत जन्माला येईल. मामाचा शब्द." हे मी ऐकलंय. मी त्याच टेबलावर होतो.

पण सरकार त्याच्याच पक्षाचं. पक्षानं सांगितलं, बंद करायच्या बाजूनं बटण दाबायचं. दाबलं तर गाव गेलं, नाही दाबलं तर पुढचं तिकीट गेलं. कास्पेरनं वाट काढली. संसदेत एक रीत आहे. समोरच्या पक्षाचा एखादा आजारी असला की इकडचाही एक जण मतदानाला बाहेर बसतो, म्हणजे पारडं सारखं राहतं. चांगली रीत आहे, आजारी माणसासाठी केलेली. त्या दिवशी समोरचा एक जण तापानं पडला होता. "तुम्ही त्याच्या जोडीनं बाहेर बसा," कास्पेर म्हणाला. "विरोधात नाही, बाजूनंही नाही. नोंदीत फक्त गैरहजर."

ऑडवारनं होकारार्थी मान हलवली.

आत मतदान चालू होतं आणि आम्ही बाहेर, त्याच जुन्या बाकावर. कास्पेरला वाटलं, एक फोटो टाकूया, खासदार घाईघाईत जेवतायत, गावासाठी राबतायत. डबा रिकामा, म्हणून तो पळत जाऊन तयार सँडविच घेऊन आला. दोन काप तोंडाला तोंड लावून दाबलेले. कोंबले माझ्यात. कागद नाहीच. "कोण बघतंय," म्हणाला.

आतून तोर्दिस बाहेर आली. विभाग गेला होता. ती नेहमीच्या जागी बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "तुझ्या एका मतानं तो वाचला नसता, ऑडवार. पण पोरीला सांगायला तरी काही झालं असतं." त्यानं डबा पुढे केला. तिनं आत बघितलं. "हे तुझं नाही," म्हणाली आणि निघून गेली.

नवीन वर्षात तो गावी आला. समाजघरात सभा होती. कॉफी, वाफाळते वॉफल्स, खुर्च्या सगळ्या भरलेल्या. सवयीनं त्यानं मला टेबलावर मधोमध ठेवलं. समजावून सांगत होता की परिस्थिती कठीण होती, की तो शेवटपर्यंत लढला. कुणी ओरडलं नाही. आमच्याकडे ओरडत नाहीत, कॉफी ढवळत बसतात.

मग युरून उठली. हातातल्या फोनवर कास्पेरनं मतदानाच्या दिवशी टाकलेला तो फोटो होता.

"हा डबा कुणी भरला?"

"मीच," ऑडवार म्हणाला.

"मग कागद कुठाय?"

मागे कुणीतरी खुसकन हसलं. मग सगळ्यांनीच आपापल्या फोनमध्ये डोकं घातलं, आणि हसू जसं आलं तसं विरून गेलं. त्या सभागृहात असं एकही माणूस नव्हतं ज्याला तो फोटो वाचता येत नव्हता.

"मी सांगते कुठाय," युरून म्हणाली. आवाज जराही वर गेला नाही. "कागद बाहेर बाकावर बसला होता. याचं त्याला लागू नये म्हणून. बाबांच्या डब्यात मी इतकी वर्षं कागद घातले, पण माझा भाऊच एक दिवस मधला कागद होईल असं वाटलं नव्हतं." तिनं मला उचललं, काखेत मारलं आणि चालू लागली. मी रिकामा खडखडत होतो. सगळे ऐकत होते.

चारपाच दिवसांनी, दिवस भरायला अजून वेळ असताना, इंग्विल्डच्या पोटात दुखायला लागलं. अँब्युलन्स घाटाच्या पलीकडे अडकलेली, इंग्विल्डचा नवरा बोटीवर, दूर समुद्रात. ऑडवार दारात येऊन उभा राहिला, गाडीची किल्ली हातात. युरूननं त्याच्याकडे बघितलं नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यातही तिनं मला भरलं. तपकिरी चीज, मेणकागद, काप, मेणकागद. माझ्या शेजारी पिशवीत थर्मास. किती वर्षांनी भेटलो आम्ही. पण बोलायची वेळ नव्हती.

फाटक बंद होतं. वर घाटात काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं घोंघावत होतं. बर्फगाडी कधी येईल, कुणालाच सांगता येईना. युरूननं फोनवर सुईण धरून ठेवली होती. तीच जुनी सुईण, विभाग बंद झाल्यावर आता घरी बसलेली.

वेणांच्या मधल्या फटीत इंग्विल्डनं विचारलं, "मामा, खरं सांग. तू काय दाबलंस?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "मी बाहेर होतो."

पुढची वेण आली. मागच्या सीटवर जागा हवी होती, दार अर्धवट उघडं ठेवायला लागणार होतं, आणि वारा अडवायला कुणीतरी हवं होतं. युरून म्हणाली, "जा, बाहेर उभा राहा. तुला सवय आहे."

तो गेला. दाराच्या फटीत कोट पसरून, वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिला. त्याचा चेहरा मला दिसत होता. मित्रांनो, इतकी पोस्टरं पाहिली मी त्याची. तो चेहरा कुठल्याच पोस्टरवर नव्हता.

मुलगी झाली. रडायला जरा वेळ लावला तिनं. मग रडली, चांगली खणखणीत. पुढे बर्फगाडी आली. तिच्या ड्रायव्हरनं आत डोकावलं, बाहेर गोठलेल्या माणसाकडे बघितलं आणि इतकंच म्हणाला, "तुमची गाडी पहिली."

त्यानंतर मी युरूनच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. मध्ये पुन्हा निवडणूक आली. कास्पेरनं फोन करून विचारलं, डबा थोडे दिवस मिळेल का. मग ऑडवार स्वतःच आला. मला खाली घेतलं, झाकण काढलं. आत मेणकागदाची चळत होती. तिच्यावरून त्यानं बोट फिरवलं.

"नेऊ का?" त्यानं विचारलं.

"ने," युरून भांडी घासत म्हणाली. "भरून ने. आणि जिथं ठेवशील तिथं उघडून ठेव."

त्यानं मला परत फळीवर ठेवलं. झाकण लावायला विसरला, की मुद्दाम लावलं नाही, मला सांगता येणार नाही. पुढच्या वेळी तो काय करेल, तेही नाही.

मित्रांनो, घरात जुना डबा असेल तर धुऊन पुसून ठेवा, पण ठेवूनच देऊ नका. त्यात खायचं भरा, चारचौघांत उघडा, कुणी हात घातला तर घालू द्या. आणि कुणी बंद डबा वर धरून दाखवायला लागला, तर टाळ्या वाजवायच्या आधी आत काय आहे ते विचारा. आम्हाला बोलता येत नाही म्हणून आम्ही गप्प असतो. त्याचा अर्थ आम्हाला काही वाटत नाही असा नाही.

काल थर्मासनं विचारलं, परत नेलं तर काय करशील. मी त्याला शब्द दिलाय. मला पुन्हा कुणी रिकामं वर धरलं, तर मी झाकण धरून ठेवणार नाही.