तीन हिरव्या चिठ्ठ्या आणि एक दुर्बीण

बस डेपोच्या तळमजल्यावर, तिकीट खिडक्यांच्या पाठीमागे, हरवलेल्या वस्तूंची खोली होती. आत एक माणूस आणि दोन हजारांवर पोरक्या वस्तू. छत्र्या टांगलेल्या, चष्मे मांडलेले, पिशव्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. एका हाताचे मोजे, एका पायाचे बूट, आणि बरणीत एक कवळी. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं, तरी तिचं हसणं काही थांबलं नव्हतं.

त्या खोलीचा कारकून होता मामा. सख्खी भाची एकच, पण ड्रायव्हरांपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. एकतीस वर्षं तो त्या खिडकीत बसला, आणि एकतीस वर्षांत चुकीच्या हातात एकही वस्तू गेली नाही. हे तो स्वतः कधी सांगत नसे. मामी सांगायची, भाजीवाल्यालासुद्धा. निवृत्तीला आता चार महिने उरले होते. मामाला ना शाल हवी होती ना नारळ. त्याला आपलं ते चुकांचं शून्य तेवढं धड घरी न्यायचं होतं.

भाचीला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणी एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. मोठेपणी ती वेबसाइट बनवायला लागली आणि दिवसाचे नऊ तास एका जागी बसायला लागली. भिंगरीला शेवटी खुर्चीनं पकडलं, असं मामी म्हणायची. डेपोच्या साहेबांनी तिच्या छोट्याशा कंपनीला काम दिलं: लोकांनी घरबसल्या आपली हरवलेली वस्तू शोधावी, तिची खूण सांगावी, चिठ्ठी छापून आणावी आणि वस्तू घेऊन जावी. रांग नको, गर्दी नको, आणि मामांचे प्रश्न तर अजिबात नकोत.

महिनाभर मामा रजिस्टर वाचत राहिला आणि भिंगरी डेटाबेस भरत राहिली. वस्तू, रंग, कुठल्या बसमध्ये, कुठल्या दिवशी, खूण, असे रकाने तिनं आखले होते. रंगाच्या रकान्यात अकरा रंगांची यादी होती. त्यातला एक निवडायचा. मामाचं त्या यादीशी पहिल्या दिवसापासून जमलं नाही. त्याच्या मते ती छत्री निळी नव्हतीच, धुऊन धुऊन थकलेली निळी होती. हा मफलर करडा कसा, हा तर धुरकट. शेवटी भिंगरीनं हात टेकले आणि यादीत 'इतर' असा बारावा रंग घातला. आठवड्याभरात सातशे वस्तू 'इतर' रंगाच्या झाल्या.

शोधायची चौकट मात्र मामाला फार आवडली. त्यात नुसता 'छ' टाकला की चारशे बारा छत्र्या सरसर खाली उतरायच्या. पुढची अक्षरं टाकत गेलं की गळत गळत शेवटी दोन-तीन उरायच्या. पान हलत नाही, डुलत नाही, आणि यादी बदलते, हे कसं, असं त्यानं विचारलं. भिंगरीनं सांगितलं की ब्राउझर म्हणजे खिडकीतला माणूस. तो मागच्या खोलीतल्या माणसाला हळूच विचारतो. मागचा माणूस म्हणजे सर्व्हर. तो कपाट उघडतो, हवं तेवढंच काढून पुढे देतो, आणि कपाट पुन्हा लावतो. मामानं मान डोलावली. हे काम त्याला ओळखीचं होतं. दोन्ही माणसं गेली एकतीस वर्षं तोच होता.

चूक झाली ती खुणेपाशी. खूण तपासायचं काम मागच्या खोलीचं, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. पण डेपोचा सर्व्हर म्हणजे जिन्याखालचा एक म्हातारा संगणक, सदा दम लागलेला. एकेका खुणेला तो दहा दहा सेकंद घ्यायचा, आणि त्या दहा सेकंदांत साहेब तीनदा घड्याळ बघायचे. म्हणून तिनं पळवाट काढली. वस्तूच्या माहितीबरोबर तिची खूणही आधीच ब्राउझरकडे पाठवून ठेवायची, पानात लपवून, आणि जुळते की नाही ते तिथल्या तिथे बघायचं. खुणेतले तीन शब्द जुळले की हिरवी चिठ्ठी, नाही तर लाल. पापणी लवायच्या आत निकाल. साहेब खूश झाले आणि त्यांनी हुकूम काढला: हिरवी चिठ्ठी दिसली की वस्तू द्यायची, मामांनी तोंडात गुळणी धरून बसायचं. कोडच्या त्या ओळींच्या डोक्यावर भिंगरीनं शेरा लिहून ठेवला, 'तात्पुरतं, नंतर बदलणे'. तात्पुरत्या गोष्टींना दीर्घायुष्य असतं, हे तिला अजून कळायचं होतं.

साइट सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी ती चष्म्यांचे फोटो चढवायला डेपोत आली होती. दहाच्या सुमारास टाय लावलेले एक गृहस्थ खिडकीशी आले. हातात हिरवी चिठ्ठी, वस्तू दुर्बीण. खोलीतल्या सगळ्या वस्तूंत ऐटबाज म्हणावी अशी तीच एक होती. मामानं चिठ्ठी वाचली: 'काळे चामडी कव्हर, डाव्या कडीची शिवण उसवलेली, आत चार घड्या घातलेला पिवळा कागद.' त्यानं ती पुन्हा वाचली. मग कपाट उंचावर आहे, शिडी आणावी लागेल, जरा बसा, असं म्हणून त्यानं गृहस्थांना बाकावर बसवलं. शिडी त्याच्या पाठीशीच उभी होती.

पाच मिनिटांनी कानात हेडफोन घातलेली एक कॉलेजची मुलगी आली. हिरवी चिठ्ठी, दुर्बीण, काळे चामडी कव्हर, चार घड्या. तिच्यामागून व्यायामशाळेतून थेट आलेला एक दांडगा तरुण. हिरवी चिठ्ठी, दुर्बीण, डावी कडी, पिवळा कागद. तिघं बाकावर शेजारी शेजारी बसले आणि आपल्या हातातली चिठ्ठी दुसऱ्याला दिसू नये म्हणून ती छातीशी धरून राहिले.

मामानं भाचीला खुणेनं आत बोलावलं.

"भिंगरे, तुझी दुर्बीण हरवली तर तू असं सांगशील? 'डाव्या कडीची शिवण उसवलेली'?"

"नाही बहुतेक."

"हे माझं वाक्य आहे. त्या घड्या मी मोजल्यात, एका गुरुवारी, जेवण झाल्यावर. माझंच वाक्य छापून मला दाखवतायत."

भिंगरीचे कान तापले. तिनं लॅपटॉपवर पान उघडलं आणि कुणीही करू शकेल तेवढंच केलं: माउसचं उजवं बटण दाबून पानाच्या पोटात डोकावली. तिथे मामाचं वाक्य जसंच्या तसं पहुडलेलं होतं. एकट्या दुर्बिणीचं नाही, दोन हजार वस्तूंचं.

"म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे तू उत्तरपत्रिका टाचून दिलीस," मामा म्हणाला.

"साहेबांना घाई होती. आणि मला वाटलं, आत कोण बघायला जातंय."

"लोक बघायलाच जातात गं. बसमध्ये शेजाऱ्याचं वर्तमानपत्र वाचतात, हे तर घरबसल्या."

मग तिला आणखी भयंकर गोष्ट आठवली. गेल्या चार दिवसांत हिरव्या चिठ्ठीवर सहा छत्र्या गेल्या होत्या. मामाचं शून्य कदाचित तिनंच कधीच मोडलं होतं. तिनं कसंबसं विचारलं. मामानं चष्मा पुसला. प्रश्न विचारायला बंदी होती, म्हणून त्यानं विचारलं काहीच नव्हतं, असं त्यानं सांगितलं. दर वेळी आधी मुद्दाम दुसरीच छत्री पुढे केली होती, बरी दिसणारी. सहाच्या सहा जणांनी तोंड वाकडं केलं होतं: अहो, ही नाही, माझी ती जुनी. तेव्हा त्यानं खरी दिली होती. पण दुर्बीण एकच होती, तिला जोड नव्हती, आणि बाकावर तीन हिरव्या चिठ्ठ्या वाट बघत होत्या.

तेवढ्यात खिडकीत साठीच्या एक बाई आल्या. पायात घरातल्याच चपला, हातात घडी करून चोळामोळा झालेली लाल चिठ्ठी. साइटनं त्यांना तीनदा नाही म्हटलं होतं, म्हणून त्या स्वतःच आल्या होत्या. त्यांचीही दुर्बीणच. बाकावरचे तिघे सावरून बसले.

कव्हर तपकिरी आहे, असं बाईंनी सांगितलं. ते काळं होतं. पट्टा आहे की नाही, ते त्यांना आठवेना. शिवण बिवण ठाऊक नाही. आत कागद वगैरे काही नाही, खुळखुळ वाजायचं म्हणून ताईनं कधीतरी काहीतरी कोंबलं होतं, ते काय होतं देव जाणे. टायवाले गृहस्थ दांडग्याकडे बघून हळूच हसले.

गडबड ऐकून साहेब खाली उतरले. त्यांनी तीन हिरव्या बघितल्या, एक लाल बघितली, आणि हिरव्यांपैकी आधी कोण आलं ते विचारून त्याला वस्तू देऊन मोकळे व्हा, असं मामाला फर्मावलं. मामानं एकच विनंती केली. देतोच आहे तर चौघांनी एकदा डोळ्याला लावून खात्री करून घ्यावी, म्हणजे नंतर तक्रार नको. यात प्रश्न एकही नव्हता, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता येईना.

त्यानं दुर्बीण कव्हरातून काढून फळीवर ठेवली. गृहस्थांनी ती लावली आणि वा, अगदी स्वच्छ दिसतंय, असा दाखला दिला. आदल्या आठवड्यात मामानं ती स्वतः लावून बघितली होती. उजव्या डोळ्याला सगळं धुकं होतं. हेडफोनवाल्या मुलीनं मधलं चाक फिरवलं, फिरवलं, आणि फिरवतच राहिली. दांडग्यानं ती उलटी धरली. त्यामुळे साहेब त्याला फार लांब गेलेले दिसले आणि त्याच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं.

बाईंनी दुर्बीण उचलली ती तिच्याकडे न बघताच. बोलता बोलता त्या दाराशी गेल्या. नदीच्या पलीकडच्या तीरावर त्यांची थोरली बहीण राहते, असं त्या सांगत होत्या. पूल लांब, ताईचे गुडघे दुखरे. रोज सकाळी बाई आपल्या घरच्या खिडकीत उभ्या राहतात आणि ताई गच्चीवर येऊन लाल फडकं झटकते. फडकं झटकलं की दोघींचा दिवस सुरू. काच साफ करायला दुर्बीण नेली होती, ती येताना बसमध्ये राहिली. नऊ सकाळी झाल्या, फडकं दिसलं नाही.

साहेबांनी विचारलं, "फोन आहे ना ताईंकडे?"

"आहे की. फोनवर ती नेहमी बरीच असते, साहेब. खरंच बरी आहे का, ते बघावं लागतं."

असं म्हणत त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि करंगळी आपोआप उजव्या डोळ्याजवळच्या कड्यावर गेली. त्या कड्यावर बोटाच्या टोकाएवढा एक चकचकीत ठिपका होता, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला. करंगळी बरोबर त्यावर बसली. "कुणी फिरवलं हे?" बाई पुटपुटल्या, आणि त्यांनी कडं केसभर मागे घेतलं. मग लांबच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बसचा नंबर त्यांनी घडाघडा वाचला, ड्रायव्हर शर्टाचं बटण लावतोय हेही सांगितलं.

मामानं पावती वही बाईंपुढे सरकवली.

"पण यांची चिठ्ठी लाल आहे," साहेब म्हणाले.

गप्प बसणं सोपं होतं. मामानं भाचीकडे बघितलंही नव्हतं. भिंगरी उठून उभी राहिली.

"चिठ्ठी चुकली, साहेब. चिठ्ठी नाही, मी चुकले. खूण मी पानातच ठेवली होती, कुणीही वाचावी अशी. या तिघांनी ती वाचली. यांनी वाचली नाही, म्हणून यांचं जुळलं नाही."

हेडफोनवाल्या मुलीनं कानातून हेडफोन काढले आणि वर्गातल्या सगळ्यांना सांगितलंय, अशी भर घातली. गृहस्थांना आपल्याकडे अगदी अशीच एक घरी आहे, हे आठवलं. दांडगा काही न आठवताच गेला.

साहेबांनी कपाळ चोळलं. मग त्यांनी मामाला विचारलं, की बाईंना धड एक गोष्ट सांगता आली नाही, तेव्हा तुम्हाला कशावरून वाटलं?

"म्हणूनच वाटलं," मामा म्हणाला. "आपल्या वस्तूकडे कोण बघतं, साहेब? ती फक्त हाताला ठाऊक असते. सगळं बरोबर सांगणारा आला की मी जपून असतो."

त्या दुपारी भिंगरीनं 'तात्पुरतं' शेऱ्याखालच्या सगळ्या ओळी पुसल्या. खूण आता मागच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकत नव्हती. पानाच्या पोटात कितीही डोकावा, तिथे काही नव्हतं. लाल गेलं, हिरवं गेलं. त्या जागी एक मोठी रिकामी चौकट आली, आणि वर ओळ: 'तुमची वस्तू तुमच्याकडे असताना तुम्ही तिचं काय करत होता?' लिहिलेलं थेट सर्व्हरकडे जायचं, सर्व्हरकडून मामाच्या पडद्यावर. निदान एखादा तरी रंग ठेवा, अशी साहेबांनी गळ घातली, तेव्हा तिनं उत्तर पोचल्याची एक ओळ निळ्या अक्षरांत दिली. मामाच्या मते तो निळा नव्हता, पण या वेळी तो बोलला नाही.

पहिलं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कुणा स्वयंपाकीणबाईंचा डबा होता. दिवस चुकीचा, बस चुकीची, डबा तीन पुडांचा लिहिलेला, कपाटातला चार पुडांचा. पुढे लिहिलं होतं: झाकण नीट बसत नाही म्हणून मी त्याच्यावर दर वेळी बुक्की मारते, तरी तो रागावत नाही.

मामानं ते दोनदा वाचलं.

"यांचाच," तो म्हणाला, आणि शिडी ओढून कपाटाला लावली.