गवतातला गळ

वसुधाताईंनी पर्समधून श्रीखंडाचा रिकामा डबा काढून काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं. मासेमारीच्या सामानाच्या या दुकानात महाराष्ट्र मंडळातलं कुणी भेटण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. पण उभा जन्म शाकाहारात काढलेल्या बाईला अशा ठिकाणी आपण चोरी करतोय असंच वाटत राहतं. मात्र ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी झाकण काढलं.

आत टिश्यूत गुंडाळलेला रबराचा मासा होता. बोटाएवढा, शेवाळी रंगाचा, पोटातून गळ ओवलेला. गॅरेजच्या उकाड्यात त्याची शेपटी वितळून वाकडी झाली होती. घरी त्यांनी तो सांडशीनं उचलला होता आणि ती सांडशीही आता स्वयंपाकघरात परत जाणार नव्हती.

"अस्साच हवाय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांसाठी. आमच्या घरामागच्या तळ्यात गवत फार आहे."

काउंटरमागे डार्लीन होती. पिकल्या केसांची, दोरीनं चष्मा गळ्यात अडकवलेली, या दुकानाची मालकीण. "गवतात दुसरं काही चालतच नाही," म्हणत ती त्यांना भिंतीपाशी घेऊन गेली. तिथे पाकिटांतून शेकडो रबरी मासे टांगले होते. "बास मासा गवताच्या सावलीत दबा धरून बसतो. उघडा गळ टाकलात तर मासा राहील बाजूला आणि गवतच उपटून हातात येईल. म्हणून असा मऊ मासा घ्यायचा आणि गळाचं टोक त्याच्या पाठीत लपवायचं. मग तो गवतातून सुळकन निघतो. खरा मासा चावला की रबर दबतं आणि टोक बाहेर येतं."

वसुधाताई पाकिटं दाबून पाहू लागल्या. इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडावी तशा.

"जाडजूड नको," डार्लीन म्हणाली. "टोक आतच रुतून बसतं. अगदी लेचापेचाही नको, दोनदा गवतातून फिरला की फाटतो. पाणी कसं आहे तुमच्याकडे? स्वच्छ की गढूळ?"

तळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचं, पण त्याच्या काठाशी जाऊन पाणी त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "खिडकीतून हिरवं दिसतं," एवढंच त्या म्हणाल्या.

"मग शेवाळी रंगच बरोबर आहे." डार्लीननं पाकीट काढलं आणि डब्यातला जुना मासा हातात घेतला. "गळ चांगला असला तर हाच वापरता येईल."

"जपून. टोक आहे आत."

डार्लीननं रबर चिमटीत दाबलं. मग गळ अख्खा बाहेर काढला आणि त्याचं टोक अंगठ्यावर घासून दाखवलं. "टोक नाहीये याला. कानशीनं घासून गोल केलंय." तिनं चष्मा चढवून वसुधाताईंकडे नीट पाहिलं. "तुम्ही शेकच्या मिसेस का? आमच्याकडे असे गळ तो एकटाच करायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, बायकोला मुका जीव दुखावलेला चालत नाही. म्हटलं, मग पकडतोस कसे? म्हणाला, पकडायचेत कुणाला! बऱ्याच दिवसांत आला नाही. बरा आहे ना?"

वसुधाताईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रबरी माशांचं पाकीट आणि एक नवा गळ घेऊन त्या पार्किंगमध्ये आल्या, आणि इंजिन सुरू न करता गाडीत बसून राहिल्या.

शेक म्हणजे त्यांचे यजमान चंद्रशेखर. काउंटीच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी जन्मभर पाइपांचे नकाशे काढले. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. रिटायर झाल्यावर या माणसानं मासेमारीचा रॉड विकत आणला, तेव्हा वसुधाताईंनी घर डोक्यावर घेतलं. "एकाही जिवाला इजा होणार नाही, अशी शपथ घ्या," त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली आणि दुसऱ्या शनिवारी ते तळ्यावर गेले. त्या डोलावण्याला वसुधाताईंनी काडीचीही किंमत दिली नाही. उलट नियम घातला, की शनिवारी गॅरेजच्या दारानं यायचं, खाली बेसमेंटमध्ये आंघोळ करायची, मगच वर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. चंद्रशेखरांनी तो एकदाही मोडला नाही. जाताना दर वेळी "येतेस का?" विचारायचे. त्या भांडी आपटून उत्तर द्यायच्या. जित्याची खोड, असं मैत्रिणींना हसून सांगायच्या. ती म्हण त्या आता मनातसुद्धा पुरी करत नव्हत्या.

कारण उन्हाळ्यात रिपोर्ट आला. कॅन्सर यकृतात पसरला होता. वसुधाताई घाबरल्या, आणि घाबरल्या की त्यांच्या जिभेला हाड राहत नाही. "इतक्या मुक्या जिवांचे तळतळाट घेतलेत, ते कुठे जाणार होते?" त्या बोलून गेल्या. चंद्रशेखरांनी रिपोर्टची घडी घातली, गॅरेजमध्ये गेले आणि रॉड भिंतीवर टांगून आले. त्यानंतर त्यांनी तो काढला नाही. आता हॉस्पिसची नर्स दुखणं कमी करायला घरी येत होती. परवा गुंगीत ते म्हणाले, "एकदा तळ्यावर जायला हवं होतं." आपलं ते तळतळाटाचं वाक्य परत घेण्याची ही एवढीच संधी उरली होती, आणि म्हणून त्या दुकानात आल्या होत्या. आता तर ते वाक्य मुळातच खोटं निघालं होतं.

घरी आल्यावर शिकागोहून हिमानीचा फोन आला. ती त्यांची मुलगी, शुक्रवारी रात्री पोचणार होती.

"आई, आर यू सिरियस? बाबा बेडवरून उठू शकत नाहीत, अँड यू वॉन्ट टू टेक हिम फिशिंग? तू तर हेट करायचीस ना ते!"

"व्हीलचेअर ढकलायला ये तू," वसुधाताई म्हणाल्या. "बाकी मी मॅनेज करते."

कानस गॅरेजमधल्या कपाटावर सापडली. जुना गळ त्यांनी डब्यातच राहू दिला; हा त्यांना आपल्या हातानं घासायचा होता. नव्या गळाचं टोक घासता घासता त्यांचं बोट कापलं. बँड-एड लावून त्यांनी पुन्हा घासलं. मग उघड्या हातांनी रबराच्या माशात गळ ओवला, मधे कुठेही सांडशी न घेता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सरळ बसला.

शनिवारी सकाळी दोघींनी मिळून खुर्ची गवतातून काठापर्यंत नेली. हिमानी थोडी मागे जाऊन उभी राहिली. पाणी खिडकीतून दिसायचं तितकं हिरवं नव्हतं. तळाचे दगड दिसत होते आणि गवताखालून लहान मासे पळत होते.

वसुधाताईंनी रॉडच्या दोराला बांधलेला रबरी मासा चंद्रशेखरांच्या हातात दिला. सवयीनं त्यांचा अंगठा रबराच्या पाठीवरून फिरला, पुन्हा फिरला आणि थांबला. त्यांनी मान वर केली.

"कानस सापडली तुला?"

"कपाटावर होती."

"हात नाही ना कापलास?"

"नाही," वसुधाताईंनी हात स्वेटरच्या खिशात घातला. "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग जाता कशाला."

"मग जात होतात कशाला?"

"मासा एकदा ओढतो ना. लगेच सोडून देतो. पण तेवढ्यापुरतं हाताला कळतं, की पलीकडे कुणीतरी आहे."

वसुधाताईंना रडू आवरेना. आपण त्या खिडकीपलीकडेच तर होतो, आणि या माणसाला ते कळायला दर शनिवारी गवतात दोर टाकून बसावं लागत होतं.

"रिपोर्ट आला तेव्हा मी बोलले ते... चुकलं हो माझं."

"अगं, घाबरली होतीस तू," चंद्रशेखर म्हणाले. "टाक आता. माझ्याच्यानं हात उचलवत नाही."

पहिल्यांदा मासा वसुधाताईंच्याच पायाशी पडला. दुसऱ्यांदा गवतापर्यंत पोचला. चंद्रशेखरांनी आपला हलका झालेला हात त्यांच्या हातावर ठेवला. "सावकाश गुंडाळ. गवतावरून नुसता सरकू दे." मासा गवतातून सरकत आला, कशातही न अडकता. त्यांनी पुन्हा टाकला, पुन्हा टाकला. ऊन चढेपर्यंत दोघं बसली होती, पण त्या दिवशी दोर कुणी ओढला नाही.

पुढचा शनिवार चंद्रशेखरांनी पाहिला नाही.

दिवस झाले, माणसं आली आणि गेली. हिमानी आईला शिकागोला चल म्हणत होती. वसुधाताईंनी ख्रिसमसला बघू म्हणून तिला विमानात बसवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. भिंतीवरचा रॉड काढून त्या एकट्याच तळ्यावर गेल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग गवताच्या कडेला दोर एकदम ताणला गेला. हाताला जोराचा हिसका बसला, कोपरापर्यंत, आणि तितक्यात दोर सैल पडला. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत वसुधाताई तशाच उभ्या राहिल्या. "अहो, ओढला," त्या म्हणाल्या. शेजारची जागा रिकामी होती.

दुपारी त्या गॅरेजच्या दारानं घरात आल्या. स्वयंपाकघराच्या दारावर हात ठेवला आणि थांबल्या. मग बूट काढून खाली बेसमेंटमध्ये गेल्या. चंद्रशेखरांचा टॉवेल अजून दांडीवरच होता. वसुधाताईंनी आधी आंघोळ केली, आणि मगच वर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.