तात्यांच्या दुकानातलं निळं इंजिन

कोल्हापूरहून घाट उतरून कोकणात जाणारी पहिली रेल्वेगाडी मी नेली. या कामासाठी कितीतरी भाषणं झाली होती, सत्कार झाले होते, नकाशांवर तांबड्या रेघा ओढून झाल्या होत्या. शेवटी ते माझ्या हातून झालं, आणि एकदा नव्हे, दिवसातून शंभरदा. मित्रांनो, मी खोटं बोलत नाही. फक्त घाट प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा होता, आणि कोल्हापूर ते कोकण हे अंतर आठ फूट होतं.

मी एक जुनं, निळं डिझेल इंजिन आहे. लांबी एक वीत. माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथं आम्हां सगळ्यांना सरसकट पिवळा रंग देत. मग थर्माकोलमध्ये निजवून मला खोक्यात बंद केलं. मी जहाजानं आलो, पुढं ट्रकनं आलो, आणि शेवटचा टप्पा एका स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभा राहून पार केला. सगळ्या प्रवासात रेल्वे कुठंच नव्हती. ही गोष्ट मला अजून लागते.

ज्यांनी मला मागवलं त्यांना सगळी राजारामपुरी तात्या म्हणायची. तात्या मूळचे घड्याळजी. मोबाइल आले तशी लोकांच्या मनगटावरची घड्याळं गेली. तेव्हा तात्यांनी पुढच्या काळाचा नीट विचार केला आणि छोट्या रेल्वेगाड्यांचं दुकान काढलं. कोल्हापुरात. त्यांच्या पत्नी माई त्या दिवशी नुसतं एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. घड्याळात निदान वेळ तरी दिसायची."

तात्यांनी मला घड्याळाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं खोललं, पिवळा रंग उतरवला, निळा दिला, कमरेला दुधाळ पट्टा ओढला आणि डोळ्याला भिंग लावून तीन केसांच्या ब्रशनं पोटावर 'कोल्हापूर' लिहिलं. त्या दिवसापासून मी इथला झालो.

आता चांगलं दुकान कसं असतं ते मी सांगतो, कारण यापुढं ते बघायला मिळेल असं मला वाटत नाही. आमच्या दुकानात काचेचं कपाट होतं, पण त्याला कुलूप नव्हतं. दारात कुणी घुटमळलं की तात्या म्हणायचे, "पावणं, आत या की. हात लावून बघा. मोडलं तर मीच दुरुस्त करणार आहे." बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत चाकं, स्प्रिंगा, दिवे, तारा असं सगळं भरलेलं असे. कुठल्या डब्यात काय हे फक्त तात्यांना ठाऊक होतं, कारण सगळ्या डब्यांवर बिस्किटंच छापलेली होती. मधोमध टेबल, टेबलावर घाट, घाटात बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की निळ्या रंगाचा समुद्र. तिथपर्यंत मी सकाळी दहा ते रात्री आठ गाडी न्यायचो.

खरी गाडी कोल्हापूरला येते ती थांबायलाच. पुढं रूळ नाहीत. त्यामुळं आमच्या टेबलाभोवती चांगली जाणती माणसं उभी राहून बोगद्याकडं बघत बसायची, आणि मी समुद्राकाठी निघालो की त्यांचा चेहरा फुलायचा. दोन मिनिटांचं काम, पण लोकांना बरं वाटायचं.

तात्यांचा एकच नियम कडक होता. जोतिबाहून परतणारी माणसं गुलालानं माखलेली येत. त्यांना चहा मिळायचा, पण बाहेर पायरीवर. मित्रांनो, आमच्या पोटात डिझेल नसतं. आम्हाला वीज रुळांतून मिळते आणि चाकांवाटे आत येते. मध्ये कसलीही पूड आली की आम्ही उपाशी. म्हणून तात्या रोज सकाळी स्पिरिटच्या फडक्यानं रूळ पुसायचे, आणि मग देवाला नमस्कार करायचे. क्रम असाच होता.

आण्णा पेठ वडगावचे. दहा-बारा म्हशी, बरा दूधधंदा, मिशा भरदार. पहिल्यांदा आले तेव्हा दुधाच्या किटलीत फडक्यात गुंडाळून एक बंद पडलेलं इंजिन घेऊन आले होते.

"नातवाचं खेळणं हाय," आण्णा म्हणाले.

"केवढा आहे नातू?" तात्यांनी भिंग लावत विचारलं.

"अजून व्हायचाय."

तात्या हसले नाहीत. चांगल्या दुकानाची खूण तीच. त्यांनी इंजिन उघडलं, म्हशीचा एक केस चिमट्यानं बाहेर काढला आणि गाडी चालू करून दिली. आण्णांनी उत्साहात आणखी एक नवं इंजिन मागितलं. तात्या म्हणाले, "आहे ते वर्षभर चालवा. मग या." आण्णांना हा नकार इतका आवडला की ते दर रविवारी यायला लागले.

मित्रांनो, दुकान बंद कसं पडतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते गर्दीत बंद पडतं. आमच्याकडं लोक पुष्कळ यायचे. माझे व्हिडिओ काढायचे. कुठलं इंजिन घ्यावं, कुठलं टाळावं, हे तात्यांना तासभर विचारायचे. तात्या कागदावर नाव, नंबर, रंग सगळं लिहून द्यायचे. मग ती माणसं दारातच उभी राहून फोनवरून तेच इंजिन दुसरीकडून मागवायची, तात्यांचंच वाय-फाय वापरून. महिन्यानं ते बिघडलं की दुरुस्तीला इकडंच आणायची. आणि तात्या ते दुरुस्त करायचे.

"जरा रागवा की वो कवातरी," आण्णा म्हणायचे.

"इंजिनाची काय चूक त्यात?" तात्या म्हणायचे.

मागच्या वर्षी श्रावणात तात्यांनी माईंना सांगितलं की दिवाळीनंतर शटर ओढायचं. एकच आशा उरली होती. क्रांती मॅडम नावाच्या एका मुख्याध्यापिका शाळेत रेल्वे क्लब काढणार होत्या. टेबल तिथं जाणार, तात्या आठवड्यातून तीन दिवस मुलांना शिकवणार, आणि उरलेले दिवस दुकान उघडं राहणार. मॅडमनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. त्या दिवशी सकाळी येऊन गाडी बघणार आणि हो म्हणणार, असं ठरलं होतं. दुकान राहणार की जाणार हे आता माझ्या बारा चाकांवर होतं.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. दरवर्षी तात्या एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक चिमटा पाटावर मांडून माईंकडं द्यायचे. त्यांना काय हवी तेवढी हळद लाव, दुकानात मात्र काही आणू नकोस, असं सांगायचे. माईंनी हे वीस वर्षं पाळलं. पण या खेपेला सगळं पणाला लागलं होतं. ज्याच्या जिवावर घर आहे त्याला सोडून चिमट्याची पूजा करायची, हे त्यांच्या मनाला पटेना. दुपारी तात्या शाळेला दाखवायच्या डब्यांसाठी रंग आणायला गेले, आणि माई ताट घेऊन आत आल्या.

इतक्या मायेनं माझ्याकडं कधी कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. चाकांनाही लावली, बाराच्या बारा, कुणी नाराज व्हायला नको म्हणून. रुळांवर बोटभर हळदीकुंकवाची रांग काढली, बोगद्याच्या तोंडाशी झेंडू ठेवला, नारळ फोडून त्याचं पाणी घाटावर शिंपडलं. मग हात जोडून हळूच म्हणाल्या, "उद्या तेवढं चाल बाबा." आणि तात्यांना कळू नये म्हणून वरवरचं सगळं पदरानं पुसून गेल्या. आत गेलं ते आत राहिलं.

मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्यात भोंगा बसवायचा राहून गेला होता.

दसऱ्याला क्रांती मॅडम नऊलाच आल्या. आण्णा आधीपासून हजर होते, फेटा बांधून. तात्यांनी नेहमीप्रमाणे रुळांवर फडकं फिरवलं आणि बटण फिरवलं. मी अर्धी वीत सरकलो, आचका दिला आणि थांबलो. तात्यांनी मला बोटानं ढकललं. पुन्हा अर्धी वीत. पुन्हा थांबलो. मित्रांनो, मी जिवाचं रान केलं, पण माझा जीव त्या रुळांतूनच येतो.

तात्यांनी मला उलटं करून भिंगातून बघितलं. चाकांत पिवळं, आतल्या दात्यांत तांबडं. त्यांना सगळं कळलं. ते मॅडमना म्हणाले, "माझ्याकडून साफ करायचं राहिलं."

पण मॅडमना अक्षता दिसल्या होत्या. "अहो, पूजा झालीय ना?" त्या हसल्या. "आमच्याकडंही तेच. शिपाईमामा प्रोजेक्टरलासुद्धा नारळ वाढवतात. म्हणजे हे दरवर्षी बंद पडणार तर."

"आवं मॅडम, त्येला काय हुतंय," आण्णा मध्ये पडले. "पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवतो आम्ही. दूध द्यायची थांबती व्हय ती?"

"म्हशीला वीज पायातून लागत नाही, आण्णा," तात्या म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

मॅडमनी वही काढली. "देखभाल कोण करणार, हे फाइलला लिहावं लागतं. तुम्ही करणार ना तात्या?"

"करीन की."

"किती वर्षं?"

"दुकान राहिलं तर हात चालतील तोवर."

"आणि दुकान कशावर राहणार?"

"तुम्ही हे घेतलंत तर."

मॅडमनी वही मिटली. अशा उत्तरासाठी त्यांच्या वहीत रकाना नव्हता. त्या वाईट नव्हत्या. आपट्याचं पान देऊन त्यांनी तात्यांना वाकून नमस्कार केला, आणि शाळेनं सेलवर चालणारी प्लॅस्टिकची गाडी घेतली. ती सतरंजीवरही चालते. तिला पूजेचं काही वावडं नाही.

मॅडम गेल्यावर तात्या मला उघडून बसले. स्पिरिट, कापूस, चिमटा. माई चहा घेऊन आल्या आणि बशीत पडलेले पिवळे बोळे बघून दारातच थांबल्या.

"माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या.

"नाही गं. जुनं झालंय ते."

"इतकी हळद जुनी होत नाही."

तात्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, "मी तुला कधी सांगितलंच नाही, वीज कुठनं जाते ते. वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत बसलो."

संध्याकाळपर्यंत मी स्वच्छ झालो आणि एकटा कोकणात जाऊन आलो. बघायला कुणी नव्हतं. आण्णा होते, पण ते शटरकडं तोंड करून उभे होते.

दिवाळीनंतर घाट हातोडीनं फोडला. बोगदा, समुद्र, रूळ, सगळं पोत्यात भरलं, आणि कोकण घंटागाडीत गेलं. टेबलाच्या प्लायवूडची फळी झाली. त्याच जागेत आता तिच्यावर मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. तात्या तिथून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जातात. मला त्यांनी आण्णांच्या हातात दिलं.  देताना माझी चाकं एकदा अंगठ्यानं फिरवून बघितली.

आता मी पेठ वडगावात, आण्णांच्या टीव्हीखालच्या कपाटात असतो. इथं माझ्या मापाचे रूळ नाहीत. आण्णांनी आणतो म्हणून सांगितलं होतं, पण कुठून आणायचे हे ज्यांना विचारायचं, त्यांचंच दुकान गेलं. आण्णा जेवून झाल्यावर मला तळहातावर घेतात, थोडं पुढं सरकवतात आणि परत ठेवतात.

तर मित्रांनो, तुमच्या गावात असं एखादं दुकान असेल, तर नुसतं बघून येऊ नका. तिथल्या माणसानं शिकवलं असेल तर घ्यायचं तेही तिथंच घ्या. तो नको म्हणाला तर पुढच्या रविवारी पुन्हा जा. तुमच्या घरच्यांना सांगा, गावात सांगा, शाळेत सांगा. कारण असं दुकान एकदा गेलं की ते परत येत नाही, आणि ते गेलं हे कुणाला कळतही नाही.

हे सगळं तुमच्याच्यानं होईल असं मला खरं सांगायचं तर वाटत नाही. मग निदान एवढं करा. आण्णांच्या पत्नी शालूबाई मला रोज ओल्या फडक्यानं पुसतात. त्यांना कुणीतरी सांगा, कोरडं घ्या म्हणून. जरा गोडीत सांगा. फार प्रेमानं पुसतात त्या.