दारात कोण होतं

तिने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, ओठ मिटले आणि तो शब्द म्हणून पाहिला. आला नाही. ओठ एकमेकांवर नुसतेच दाबले गेले, जणू कोणी आतून कडी घातली होती. मासिकांच्या कपाटाआड आणखी थोडी सरकून तिने पुन्हा पाहिलं. 'प'वरच अडत होतं.

"अगं, मुलं येऊन बसलीत की!" ग्रंथपाल बाई कपाटाच्या टोकाशी उभ्या होत्या. "गोष्टताईचा घसा पार बसलाय. आज तूच वाच. एवढंसं तर पुस्तक आहे."

"हो, बाई."

'हो' तिला नेहमीच सोपं जायचं. म्हणूनच बहुधा इतक्या गोष्टींना ती हो म्हणून बसली होती.

"मीही येते ऐकायला," बाई म्हणाल्या. "तुला कायम करायचं की नाही, ते मला या आठवड्यात वर कळवायचंय. तू मुलांसमोर कशी बोलतेस तेही पाहता येईल."

नोकरीच्या जाहिरातीतच लिहिलं होतं, उच्चार स्पष्ट हवेत. मुलाखतीत तिने मोजकीच उत्तरं दिली होती आणि बाईंना ती मितभाषी वाटली होती. ती बोलताना अडखळते हे इथे अजून कोणाला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता पुढचा खड्डा तिला आधीच दिसायचा आणि ती शब्द बदलून वळसा घालायची. 'पुस्तक परत करायचंय का?' असं न विचारता 'हे माघारी द्यायचंय का?' असं विचारायची. पुस्तकं बांधणारे काका तिला त्यावरून छळायचे.

"ही जुन्या पोथीतून उठून आलीय," ते सगळ्यांना सांगायचे. "काल मला म्हणते, काका, जल मिळेल का? म्हटलं, महाराणी, सोन्याच्या पेल्यात देऊ का?"

सगळे हसायचे, तीही हसायची. यावर हसलेलं तिला चालत होतं.

पण छापलेल्या गोष्टीला वळसा कसा घालणार?

मुलांच्या खोलीत गालिच्यावर पंचवीसेक मुलं दाटीवाटीने बसली होती. ती बुटक्या स्टुलावर टेकली. हाताचा घाम पुस्तकाच्या कव्हरला लागू नये म्हणून तिने तळवे ओढणीला पुसले. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"एका अस्वलाने वाचनालयातून पुस्तक आणलं," तिने सुरुवात केली. वाक्याच्या मध्ये आलेला 'प' कधी कधी आजूबाजूच्या शब्दांच्या गर्दीत निसटून जायचा. "आणि ते माघारी दिलंच नाही."

"माघारी नाही!" पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली. तिच्या चष्म्याच्या एका काचेमागे डोळ्यावर पट्टी होती. "परत! 'परत दिलंच नाही' असं आहे."

"आम्हाला पाठ आहे," शेजारचा मुलगा म्हणाला. "चुकलीस तर आम्ही सांगू, ताई."

तिने मान डोलावली. म्हणजे तीही वाट बंद झाली.

गोष्टीत ससा यायचा आणि पुस्तक मागायचा. मग खार यायची, मग साळिंदर. अस्वल प्रत्येकाला म्हणायचं, "अजून वाचून झालं नाही!" हे वाक्य सगळी मुलं तिच्याबरोबर एका सुरात म्हणत होती आणि त्या सुरात तिची जीभ चारचौघींसारखी चालत होती. असं का होतं, हे तिने एकदा शोधून पाहिलं होतं. नक्की कोणालाच सांगता येत नाही, एवढंच हाती लागलं होतं.

पानं संपत आली. पुढचा भाग एकट्याने वाचायची अस्वलाला भीती वाटत होती, म्हणून ते पुस्तक उशाखाली दडवून बसलं होतं. तेवढ्यात कडी वाजली. एकदा. पुन्हा एकदा.

"अस्वलाने थरथरत दार उघडलं," तिने वाचलं. "दारात होतं..."

तिने पान उलटलं. त्या पानावर एकच शब्द होता. मागे गर्दी नाही, पुढे आडोसा नाही.

ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. मानेची शीर ताणली गेली. हनुवटी आपोआप खाली आली, डोळे घट्ट मिटले. छातीत हवा होती, पण ती कुठूनच बाहेर येत नव्हती. आता कोणीतरी फिदकन हसेल, मग दुसरं, मग सगळे. बाई सगळं पाहतायत.

कोणी हसलं नाही.

"या वेळी लांडगा असला तर?" एक बारीक आवाज कुजबुजला.

"गप ना!"

"पिल्लू!"

शब्द बूच उडावं तसा बाहेर पडला. मुलं किंचाळली, एकमेकांच्या अंगावर कोसळली.

"बाप रे! मला खरंच लांडगा वाटला!"

"गोष्टताई असं करतच नाही, लगेच सांगून टाकते. पुन्हा वाच ना, ताई! फक्त शेवट!"

तिने भीत भीत दाराकडे पाहिलं. बाई हसत होत्या.

"काय रंगवलंस गं!" त्या म्हणाल्या.

म्हणजे कळलं नव्हतं. तिचे खांदे सैल पडले. मागचं पान उघडून तिने पुन्हा वाचलं, "दारात होतं... पिल्लू."

लोण्यातून सुरी जावी तसा शब्द आला.

"हॅ! असं नाही! मघासारखं!"

तिने पुन्हा वाचलं. या वेळी मुद्दाम थांबली, मनात आकडे मोजले, मग शब्द म्हणाली.

"हे खोटं खोटं आहे," पट्टीवाली म्हणाली.

बाईंचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं, पण डोळे बारीक झाले होते.

"थांब, मी दाखवते." पट्टीवाली उठून उभी राहिली. "असं करायचं."

तिने ओठ घट्ट मिटले. मान ताणली, हनुवटी खाली घेतली, डोळे आवळले. काही चुकलं नव्हतं, काही सुटलं नव्हतं. बघता बघता पंचवीस चेहरे तसेच झाले.

लहानपणी शाळेत एका मुलीने एकदा फळ्यासमोर उभं राहून तिची हीच नक्कल करून दाखवली होती. आपण कशा दिसतो, ते तिला त्या दिवशी कळलं होतं. त्या दिवशी वर्ग हसून हसून बाकांवर आपटला होता.

इथे सगळे श्वास रोखून बसले होते. एकाचे कान लाल झाले, पण त्याने सोडलं नाही.

बाईंनी त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. हसू गेलं होतं. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या आत आल्या. आपल्यामागे दार हलकेच लोटून घेतलं. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, शेवटच्या रांगेमागे गालिच्यावर बसल्या. त्यांनीही ओठ मिटले.

तिने पान उलटलं.