गळालेल्या केसांचे गंगावन

मित्रांनो, मी एक जुने गंगावन आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

गंगावन म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. ज्यांची वेणी आखूड किंवा पातळ असते, त्या बायका वेणी घालताना तिच्यात केसांचा एक लांब झुपका गुंफतात. वेणी भरघोस दिसते. तो झुपका म्हणजे मी.

माझा जन्म लातूरकडच्या एका खेड्यात झाला. रुक्मिणीबाईंचा थोरला मुलगा गणराज तेव्हा तान्हा होता. बाळंतपणानंतर त्यांचे केस मूठमूठ गळू लागले. फणीत आलेला केस त्यांनी कधी उकिरड्यावर टाकला नाही. बोटाभोवती गुंडाळायचा आणि देवळीतल्या डब्यात ठेवायचा. डबा भरला तसा त्यांनी तो गावातल्या आक्काबाईंकडे नेला. आक्काबाईंनी गुंता सोडवला, केस धुतले, वाळवले आणि काळ्या दोऱ्याने वरून घट्ट बांधून मला घडवले. एवढे मात्र लक्षात ठेवा, माझ्यातला प्रत्येक केस आपणहून गळालेला होता. कुणाच्या डोक्यावरून तो हिसकावून आणलेला नव्हता.

माझे दिवस चांगले गेले. लग्नकार्यात रुक्मिणीबाई मला वेणीत घालत, वर अबोलीचा गजरा माळत, आणि बायका म्हणत, "बाई, काय वेणी हाय!" मी फुगून जाई. पुढे उद्धवरावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, इकडे पुण्याजवळ एका कंपनीत काम मिळाले आणि बिऱ्हाड चिखलीला आले. दोन खोल्या, समोर वर्कशॉप, दिवसभर पत्र्यांचा खणखणाट. इथे कुणाला वेणीफणीला वेळ होता? मी ट्रंकेत गेले. डांबरगोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षे पडून राहिले. धाकटी लेक विजयश्री तेवढी लहानपणी मला बाहेर काढी, फ्रॉकवर पाठीमागे लटकवी आणि आरशासमोर मुरडे. नंतर तिचे स्वतःचेच केस कमरेपर्यंत आले. मग तिला माझी गरज उरली नाही. त्याचे मला वाईट वाटले, पण त्यात रडण्यासारखे काही नव्हते.

विजयश्री मोठी झाली आणि चाकणच्या एका कंपनीत लागली. गाड्यांच्या वायरी जोडायचे काम. लाईनवर सगळ्यांना टोपी घालावी लागते. बाकीच्या मुलींच्या बटा बाहेर डोकावत, हिच्या टोपीबाहेर एक केस दिसत नसे. याचा तिला अभिमान होता. नव्या मुलींना केस टोपीत कसे बसवायचे हे तीच शिकवायची.

एके संध्याकाळी ओव्हरटाइममुळे तिची बस चुकली. लाईनवरच्या विक्कीने तिला मोटारसायकलवरून घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडले. गणराज समोरच्या वर्कशॉपमध्ये काम करायचा. त्याने ते पाहिले. हातातली पत्रा कापायची कात्री घेऊन तो तसाच घरात शिरला. विजयश्री पाणी पीत होती. त्याने मागून वेणी धरली आणि कापली. पत्रा कापायची कात्री केसांवर सरळ चालत नाही, मित्रांनो. ती चावते. दोनदा, तीनदा चावली. जन्माला येताना आईचे केस घालवले होतेच, आता बहिणीचे घेतले. मोठा मर्द!

तो म्हणाला, "आता बस कुणाच्याबी गाडीवर."

उद्धवराव खाटेवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. रुक्मिणीबाईंनी जमिनीवरची वेणी उचलली, पदराने पुसली आणि ट्रंकेत माझ्या शेजारी आणून ठेवली. तिचे रबर अजून तसेच होते. मग त्या लेकीला म्हणाल्या, "झालं ते झालं. बाहेर बोलू नगं, लेकरा. कंपनीत मशीनमध्ये वेणी अडकली म्हणून सांगू."

हे खोटे मात्र विजयश्रीला केस कापण्यापेक्षा जास्त लागले. टोपीबाहेर एक केस न दिसू देणारी मुलगी, आणि अख्ख्या गल्लीत तिच्या निष्काळजीपणाची गोष्ट झाली! बायका येऊन तिलाच शहाणपण शिकवून जात. गणराज तिथेच उभा राहून ऐके.

केस वाढू लागले. आधी कानांवर आले, मग मानेवर. मधले काही महिने ते ऐकेनात, टोके बाहेरच्या बाजूला वळत. ती चिमटे लावी, पट्टा बांधी, फोनवर बघून बघून शिके. केस कापायची छोटी कात्री तिने स्वतःसाठी आणली. केस ओले करायचे, भाग पाडायचे, बट दोन बोटांत धरायची आणि कात्री उभी धरून टोके हलकेच टिपायची. पहिल्यांदा एक बाजू वर गेली. मग दुसरी तेवढीच वर नेली. हळूहळू हात बसला. केस खांद्यावर टेकले तेव्हा ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. फर्स्ट शिफ्टला जाण्याआधी वाळणारे, टोपीत सहज मावणारे, आणि मुख्य म्हणजे तिने स्वतः ठरवलेले केस.

"आता वाढू दे," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"इतकेच ठेवणार मी."

"तुला बघायला माणसं यायलीत. त्यांना काय दाखवू?"

आणि मित्रांनो, त्यांनी ट्रंक उघडली. मला बाहेर काढले, शेजारच्या वेणीचे रबर सोडले, आणि ते कापलेले केस काळ्या दोऱ्याने माझ्यात गुंफले. मी जाड झाले. विजयश्री नको म्हणाली तर म्हणतात, "अगं, तुझेच केस हायेत. ह्यात खोटं काय?" खोटे काय? जो घाव घातला, तोच झाकायला त्याच घावाचे केस! त्यांनी मला पिना खोचून तिच्या केसांत बसवले. मला जीभ असती तर मी तिथेच ओरडले असते.

पाहुण्या आल्या त्या कौशल्याबाई, मुलाची आई. मुलगाही होता, रावेतला राहणारा, लाजराबुजरा. पोहे झाले. कौशल्याबाईंनी विजयश्रीला जवळ बसवले आणि जुन्या रिवाजाप्रमाणे वेणीवरून हात फिरवला. "केस छान आहेत हो," त्या म्हणाल्या.

गणराज चहाचा ट्रे घेऊन उभा होता. गप्प बसला असता तर निभावले असते. पण नाही! छाती काढून म्हणाला, "आमच्याकडं पोरीला वळण हाय, मावशी. केस सोडून हिंडत नाही ती."

विजयश्री उठली. एकेक पिन काढली आणि जमिनीवर टाकली. मला वेणीतून ओढून काढले, गणराजच्या हातातला ट्रे खाली ठेवला आणि मला त्याच्या ओंजळीत दिले.

"हे धर. तूच कापलेस ना? पत्र्याच्या कात्रीनं?" मग ती कौशल्याबाईंकडे वळली. "माझे केस इतकेच आहेत, खांद्यापर्यंत. कंपनीत काही अडकलं नव्हतं. घरात कापले."

गणराज मला पाठीमागे लपवू लागला. पण मी त्याच्या मुठीत मावत नव्हते. मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

कौशल्याबाई उठल्या. दारात थांबून रुक्मिणीबाईंना म्हणाल्या, "मुलगी नापसंत नाही. पण ज्या घरात भाऊ असा आणि बाप गप्प, तिथं सोयरीक कुठल्या तोंडानं करायची?"

त्या गेल्यावर उद्धवरावांना कंठ फुटला. "गणराज, माफी माग तिची."

"माफी नको मला," विजयश्री म्हणाली. "केरसुणी घे."

तिने तिथेच आरसा मांडला, बसली, आणि वेणीसाठी ओढलेल्या केसांची वाकडी झालेली टोके कापून सरळ केली. गणराजने केर काढला. रुक्मिणीबाई कोपऱ्यात बसून माझ्यातून लेकीचे केस वेगळे करत होत्या. दोरा सोडताना त्या रडत होत्या आणि एवढेच म्हणत होत्या, "माझे गळालेले होते गं. तुझे कापलेले."

मी आता पुन्हा ट्रंकेत आहे, पुन्हा पातळ, पुन्हा माझ्यापुरते. तुम्हाला मागणे एकच. खाली पडलेला केस खुशाल उचला, त्याचे माझ्यासारखे काही घडवा. पण दुसऱ्याच्या डोक्यावरच्या केसाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि कुणी लावलाच, तर तो झाकायला माझ्यासारख्याला बोलावू नका.

विजयश्री अजून दर दोन महिन्यांनी आरशासमोर बसते. कात्रीचा आवाज थांबला की ती हाक मारते, "दादा!" ट्रंकेच्या झाकणातून मला पुढचा आवाज ऐकू येतो. केरसुणीचा.