वाल्मिककाकांच्या ओळीतला रकाना

अहो, जरा इकडे बघा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजवीकडचा शेवटचा. सिल्वासातल्या एका दोऱ्याच्या कारखान्याची कामगार वसाहत आहे ना, तिच्या तक्त्यातला मी एक रकाना बोलतोय. शेजारी खोलीचा नंबर, मग कामगाराचं नाव, आणि माझ्या पोटात त्याच्या घरची माणसं.

मला ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या विशालसाहेबांनी घडवलं, घाईघाईत. एकेका माणसाला वेगळी ओळ द्यायची सोडून त्यांनी सगळ्यांना माझ्यातच बसवलं, मध्ये स्वल्पविराम घालून. दाटी होती, पण मला आवडायची. दुसऱ्याच्या घरात कोण कोण आहे हे कळल्याशिवाय मला करमत नाही, खोटं कशाला सांगू!

माझी ओळ वाल्मिककाकांची. मूळचे धुळ्याकडचे. माझ्यात त्यांची आई केसरबाई, लेक चंदा आणि मुलगा समाधान.

एक दिवस काका पेढे घेऊन ऑफिसात आले. "ताई, चंदानं लगीन व्हई गयं. आते ती परकी. तिनं नाव काढी टाका."

वसाहतीचं ऑफिस बघणाऱ्या धनश्रीताई हसल्या. "काका, मेंदी तरी उतरू द्या तिची!"

"रीत शे ना, ताई."

विशालसाहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि चंदाला काढलं. मागचा स्वल्पविरामही आठवणीनं काढला. तो राहिला असता तर मोजताना रिकाम्या जागेलाही मी माणूस धरलं असतं, इतका मी भोळा. पण काम अगदी साफ झालं. मध्ये कुणी होतं, याची खूणसुद्धा उरली नाही.

दिवाळीनंतर चंदा परत आली. एक पिशवी आणि प्लास्टरमधला हात. वसाहतीत पाहुण्याला आठवडाभरच राहता येतं. तो संपला तशी आजी, बाप, लेक तिघं ऑफिसात आले.

"मनी पोर शे ती, ताई. परत टाकी द्या ना."

ताईंनी नाव टाकलं. लाल अक्षरं आली. लग्न झालेली मुलगी नवीन म्हणून घ्यायची नाही, असा नियम.

"आधीपासून राहत होती एवढं तक्त्यात दिसलं, तरी मी मोठ्या साहेबांशी बोलेन. विशाल, जुनं काही सापडेल?"

"त्या रकान्यात जुनं राहत नाही, मॅडम. काढलं की गेलं."

मला ठाऊक होतं हो! पण पोटात नाही ते मी दाखवणार कसं?

केसरबाई पुढे सरकली. "मंग मनं नाव काढा, तठे तिनं लिखा. मी किती दिवसनी?"

"आजी, प्रश्न जागेचा नाहीये हो..." ताईंनी पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं.

गेटबाहेर चंदाचा नवरा गोकुळ मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. हॉर्न वाजला तशी चंदा दचकली. नियम मोडून इथे राहिली तर सगळ्यांचीच खोली जाणार, हे तिलाही कळत होतं.

"बाबा, मी जास."

केसरबाई तिचा पदर सोडेना. चंदानं एका हातानं आजीची बोटं सोडवली.

माझ्यात नावं भरणाऱ्यांनो, मला हात नाहीत, तरी जोडतो. लेकीला काढू नका. काढायचीच असेल, तर इथे एक पोर राहत होती, एवढं तरी कुठे लिहून ठेवा.

आज वसाहतीची मोजणी झाली. मी दोन माणसं सांगितली. बरोबर आहे म्हणाले.