हिमसरोवरावरचा पहारेकरी

मित्रांनो, माझं काम मोजण्याचं आहे, तेही उलटं. दहा, नऊ, आठ... शून्य यायच्या आत यंत्रातल्या प्रोग्रामने मला एकदा शिवायचं. शिवलं की मी पुन्हा दहापासून सुरुवात करतो. नाही शिवलं, तर प्रोग्राम कुठेतरी अडकलाय असं समजून मी सगळं यंत्र बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. मला एवढंच येतं. मी एक जुना पहारेकरी टायमर आहे, इंग्रजीत 'वॉचडॉग', म्हणजे राखणीचा कुत्रा; हिरव्या सर्किटवर चिकटवलेला नखाएवढा काळा चौकोन.

कारखान्यातलं फारसं काही आठवत नाही. आम्ही शेकडो जण सारखेच होतो, आणि कुणाच्या नशिबी काय येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आलो किर्गिझस्तानच्या डोंगरात, हिमनदीखालच्या तळ्याकाठी, एका लोखंडी पेटीत. तळं फुटलं तर खालच्या गावात पाणी पोचायला पाऊण तास पुरे. आमचं यंत्र पाण्याची उंची मोजून रेडिओने गावातल्या भोंग्याला कळवायचं. यंत्राला डुलकी लागू नये म्हणून मी.

पेटीची देखभाल दोरोनबेक करायचा. साठीचा मेंढपाळ. घोड्यावरून यायचा आणि सौर पट्टीवरचा बर्फ बाहीने पुसायचा. यंत्राची आणि माझी बोलणी जुळवणारा छोटा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो बिश्केकच्या नुरझात नावाच्या बाईंनी लिहिला होता. दहा सेकंदांची मर्यादाही त्यांचीच.

पहिल्याच हिवाळ्यात माझा गोंधळ उडाला. कडाक्याच्या थंडीत पाणी मोजणाऱ्या सेन्सरला उत्तर द्यायला बारा सेकंद लागत. माझे दहा संपलेले असत. मी नियमाप्रमाणे यंत्र पुन्हा चालू करी, आणि चालू होताना गावातला भोंगा एकदा वाजून दाखवी. सकाळभर हेच चाले. पाचव्या दिवशी दोरोनबेकने झाकण उघडलं.

"अरे बाबा, तुला काय पोटशूळ उठलाय का?" तो म्हणाला. "माझी बायको दर खेपेला नातवंडं काखोटीला मारून टेकडी चढते."

मी तर माझं काम करत होतो.

मग कार्यालयातून उलुकबेक नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने ड्रायव्हर बदलला. आता ड्रायव्हर स्वतःच दर पाच सेकंदांनी मला शिवू लागला. मग मुख्य प्रोग्राम जागा असो वा नसो.

"आता बघा बाइके, कसा गुपचूप बसतो ते," तो दोरोनबेकला म्हणाला. वडीलधाऱ्याला इथे बाइके म्हणतात.

"म्हणजे दुरुस्त झालं?"

"भोंगा वाजतोय का?"

"नाही."

"मग झालं की."

दोरोनबेकने त्याला चहा पाजला. दोन वर्षं मी एकदाही यंत्र बंद केलं नाही. वरून आलेल्या साहेबांनी माझ्या पेटीवर थाप मारली. मला बरं वाटलं, पण नीट समजलं नाही. काही न केल्याबद्दल एवढं कौतुक?

तिसऱ्या उन्हाळ्यात, एका दुपारी, हिमनदीचा एक कडा तळ्यात कोसळला आणि सेन्सरची तार तुटली. प्रोग्राम उत्तराची वाट बघत तसाच थिजला. रेडिओ मुका झाला. पण दर पाच सेकंदांनी मला शिवणारा हात येतच होता. कुणीतरी जागं आहे म्हणून तर शिवतंय ना? मग मोजमाप का होत नाही? मित्रांनो, मी फार गोंधळलो. नियमात याचं उत्तर नव्हतं. मी पुन्हा पुन्हा दहापासून मोजत राहिलो.

दोरोनबेक त्या दुपारी चुकार मेंढ्या शोधत वर आला होता. घोडा बांधायचा दगड त्याला पाण्याखाली दिसला. त्याने पेटीवरच्या दिव्याकडे पाहिलं; मला कुणी शिवलं की तो लुकलुकतो.

"दिवा तर बरोबर लुकलुकतोय," तो पुटपुटला.

त्याने पुन्हा पाणी पाहिलं, पुन्हा दिवा. मग त्याने घोड्याला टाच मारली.

पुढचं मला नंतर कळलं. नदीकाठच्या कुरणात त्याची बहीण बातमा हिचा लोकरी तंबू होता. ती दूध तापवत होती.

"भोंगा कुठे वाजलाय?" ती म्हणाली.

"भोंग्याला सोड. पोरांना उचल."

त्याने बहिणीला आणि तिच्या दोन नातवंडांना घोड्यावर बसवलं, एका गुराख्याला गावाकडे पिटाळलं आणि स्वतः पायी कडा चढला. तळं फुटलं, पण गाव वेळेत वर पोचलं. तंबू, पूल आणि निम्मा कळप मात्र वाहून गेला. कड्यावरून घसरून दोरोनबेकचा पाय मोडला, तो नीट जुळलाच नाही.

दोन महिन्यांनी नुरझात स्वतः आल्या. दोरोनबेक काठी टेकत त्यांच्याबरोबर चढला.

"यानं सांगितलं का नाही?" त्याने विचारलं.

"तो विचारत होता बाइके, जागा आहेस का म्हणून. उत्तर भलताच देत होता."

"कोण?"

"ड्रायव्हर." त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. "पण सुरुवात माझी. दहा सेकंद मी ऊबदार खोलीत बसून ठरवले. तुम्हाला एक फोन केला असता तर पुढचं काही झालं नसतं."

"मीही उलुकबेकला चहा पाजला, पोरी. गप्प केलं म्हणून." मग तो म्हणाला, "ऐन थंडीत सेन्सरचं उत्तर यायला मी सतरापर्यंत मोजलंय."

नुरझातनी मर्यादा चाळीसवर नेली. पाणी मोजून आणि निरोप पोचवूनच प्रोग्रामने मला शिवायचं, असं ठरवलं. ड्रायव्हरचा परस्पर शिवणारा हात काढून टाकला. दर वेळी यंत्र का बंद झालं, तेही लिहून ठेवायला लावलं. मग त्यांनी मुद्दाम तार उपटली. दोघंही माझ्याबरोबर मोजत बसली. मी शून्यावर आलो आणि यंत्र बंद केलं.

"भुंकला," दोरोनबेक हळूच म्हणाला.

त्यानंतरही मी चुकलो. गेल्या वसंतात वादळामुळे रेडिओला उशीर झाला आणि मी उगाच भोंगा वाजवून गाव हलवलं. झाकण उघडलं तेव्हा वाटलं, आता मला पुन्हा गप्प करणार. दोरोनबेकने नुरझातना फोन लावला. त्यांनी यंत्राने नोंदवून ठेवलेलं कारण तिकडूनच वाचलं.

"पन्नास करते, बाइके."

"कर. बंद मात्र करू नकोस."

मित्रांनो, कधी माझं बरोबर असतं आणि कधी चूक, हे मला अजूनही कळत नाही. मला गप्प करायला ड्रायव्हरमधली एक ओळ पुरते. ती लिहिण्याआधी एवढी चढण चढून या, आणि मी का ओरडलो ते बघा.